दिवाळीची कार्डे आणि आजीची वही

चि. बाय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

गोव्यात फोंड्याला आजीच्या कपाटात तुला जुन्या शुभेच्छापत्रांचा गठ्ठा सापडला आणि त्यावरून तू विचारलेस की, कार्डे तर नाताळाची असतात, मग आपण ती दिवाळीला का पाठवतो, आणि फोन असताना पत्त्यांची जुळवाजुळव ऑगस्टपासूनच कशाला करायची.

तुझे पहिले म्हणणे बरोबर आहे. नाताळाचे छापील शुभेच्छापत्र आपण राहतो त्या लंडनमध्येच जन्मले. हेन्री कोल या गृहस्थांना नाताळाची सगळी पत्रे हाताने लिहिणे जमेना, म्हणून १८४३ साली त्यांनी जॉन हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेऊन त्याच्या सुमारे हजार प्रती छापल्या. त्यांची सोय आपण उचलली. आत काय लिहायचे ते मात्र आपल्या पत्रलेखनाच्या रीतीने ठरले. वडीलधाऱ्यांना ‘तीर्थरूप’ आणि ‘साष्टांग नमस्कार’, बरोबरीच्यांना ‘सप्रेम नमस्कार’, लहानांना ‘अनेक आशीर्वाद’ असा मायना घालून खाली चार ओळी खुशालीच्या लिहायच्या. छापील मजकुराखाली नुसती सही करून पाठवलेले कार्ड आजोबांच्या लेखी मोजलेच जात नसे. घरात कोंकणी बोलणारी आपली माणसे पत्राला बसली की मराठीत लिहीत, हे तुला त्या गठ्ठ्यात जागोजागी दिसेल. काही पाकिटांवर ‘बुक पोस्ट’ असे लिहिलेले असेल. पाकिटाचे तोंड न चिकटवता तसे पाठवले की तिकीट कमी लागे. संक्रांतीच्या लहान कार्डांना हलव्याची चिमुकली पुडी जोडलेली असे आणि दसऱ्याच्या पत्रात आपट्याचे पान. आपण परदेशातून पाठवताना पाने किंवा बिया घालत नाही, कारण कस्टम्समध्ये ते चालत नाही.

आता तयारीविषयी. आजीची पत्त्यांची वही आडनावांप्रमाणे लावलेली नाही, गावांप्रमाणे आहे: आधी फोंडा, मग म्हापसा, डिचोली, सावंतवाडी, बेळगाव. लग्न होऊन गेलेल्या मुलींचे पत्ते माहेरच्या गावाखालीच खोडून नव्याने लिहिलेले सापडतील. ते तसेच उतरवून घे, कारण कोण कोणाची हे त्यावरूनच कळते. जुन्या नोंदींत पिनकोड नसेल. ही पद्धत संस्कृतचे पंडित आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखली आणि ती १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. फोंडा शहराचा पिन ४०३४०१ आहे. आसपासच्या गावांचे वेगळे आहेत, ते आजीला विचारून प्रत्येक नोंदीपुढे लिही. आपल्याकडे घर क्रमांकापेक्षा वाडा, म्हणजे गावातली वस्ती, आणि जवळचे देऊळ यांवरून पोस्टमन घर ओळखतो, म्हणून तेही गाळू नकोस. नाव-गाव देवनागरीत लिहिलेस तरी चालेल, देशाचे नाव तेवढे रोमन लिपीत हवे.

चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाली की कार्डे आणायची, नवरात्रात रोज थोडी लिहायची आणि दसऱ्याला पेटीत टाकायची, असा माझा नेम आहे. दसऱ्यापासून लक्ष्मीपूजन साधारण वीस दिवसांवर असते आणि टपालाला तेवढा अवधी लागतोच. नरकासुर जाळून झाल्यावर, घरोघरी दुधातले, ताकातले, रोसातले (नारळाच्या गोड रसातले) पोहे खाऊन संपल्यावर पोहोचलेल्या शुभेच्छांना काय अर्थ?

एक गोष्ट आजीकडून आवर्जून समजून घे: यंदा कोणाकडे कोणी गेले आहे का. ज्या घरी वर्षभरात माणूस गेलेले असते तिथे दिवाळी साजरी होत नाही, त्यामुळे पणत्यांचे रंगीत कार्ड त्या घरी जाता कामा नये. तिथे साधे पत्र जाते, त्यात दिवाळीचा उल्लेख नसतो आणि विचारपूस असते. जवळचे नातेवाईक त्या घरी स्वतः फराळ घेऊन जातात. फोनवरून एकच संदेश सगळ्यांना धाडणाऱ्यांकडून नेमकी इथेच चूक होते, हे माझे स्पष्ट मत आहे.

शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबांची नावे मात्र वेगळ्या पानावर घे. दिवाळीला आजी त्यांच्याकडे फराळाचे ताट हातानेच पोहोचवते आणि नाताळाला त्यांच्याकडून नेवऱ्या-दोदोल असे गोड पदार्थ येतात, म्हणून आपले कार्ड त्यांना नाताळाचे जाते. ती पाकिटे नोव्हेंबर सरण्यापूर्वी टाकावी लागतील.

तुझी,
आई