पलंगावरून खाली, पण खोलीबाहेर नाही

"त्याला वेगळं झोपवलं, तर आपण त्याला टाकलं असं वाटेल का त्याला?" कुत्रा पाळणारी माणसं हे विचारतात तेव्हा त्यांचा गळा दाटलेला असतो. म्हणून माझा सल्ला घ्यायला आलेल्या ठाण्याच्या एका जोडप्याबद्दल सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिला सातवा महिना होता. तीन वर्षांचा देशी कुत्रा पिल्लू असल्यापासून तिच्या पायाशी झोपायचा. बाळ येणार म्हणून सासूबाई म्हणाल्या, "आता त्याला हॉलमध्ये ठेवा," आणि त्याच रात्री बेडरूमचं दार बंद झालं. तो रडला, दार ओरबाडत राहिला. दोन रात्री कुणी दाद दिली नाही. तिसऱ्या रात्री शेजाऱ्यांनी बेल वाजवली आणि नवऱ्याने दार उघडलं. भरपूर रडलं की दार उघडतं, हे कुत्र्याला तिथेच कळलं. चौथ्या रात्री तो आणखी जोरात रडला. याला हट्टीपणा म्हणू नये. मध्येच कधीतरी मिळणारं बक्षीस सवय फार पक्की करतं.

पलंगावर झोपणारा कुत्रा स्वतःला घराचा मालक समजतो, असंही त्यांच्या कानावर आलं होतं. ती भीती मी आधी काढली. 'अल्फा'ची, म्हणजे कळपावर हुकमत गाजवणाऱ्या म्होरक्याची, कल्पना बंदिस्त ठेवलेल्या लांडग्यांवरून आली. ती लोकप्रिय करणारे लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मीच यांनीच १९९९ साली लिहिलं, की रानातला कळप म्हणजे बहुतेक वेळा आईबाप आणि त्यांची पिल्लं. पलंग सोडवायचा तो बाळाच्या सुरक्षिततेसाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

मग अंथरूण पाहिलं. जाड, केसाळ, महागाची गादी, आणि कुत्रा शेजारी गार लादीवर पसरलेला! ठाण्याच्या उकाड्यात तो तरी काय करणार? तिच्या जुन्या साडीची पातळ गोधडी घातली. त्या गोधडीला तिचा वास होता.

सुरुवात दिवसा केली. फिरून आल्यावर "जागेवर" म्हणायचं आणि खाऊ हातातून न देता गोधडीवरच ठेवायचा. तो आपणहून तिथे जाऊन बसायला लागल्यावर रात्रीचं घेतलं. गोधडी पलंगाला अगदी लागून, तिचा हात पोचेल अशी. तो वर चढला तर ओरडायचं नाही, लाडही नाहीत. गुपचूप खाली आणायचं, आणि घरातल्या प्रत्येकाने तसंच करायचं. सासूबाई रात्री त्याला पोळीचा तुकडा द्यायच्या, तोही आता गोधडीवर मिळू लागला. दोन-चार रात्री शांत गेल्या की गोधडी वीतभर दाराकडे सरकवायची. कुरकुरला तर पुन्हा आधीच्या जागी. हे बाळ यायच्या आधीच उरकावं, म्हणजे बाळ आलं आणि आपली जागा गेली असा संबंध तो जोडत नाही.

पिल्लू रात्री रडत असेल, तर त्याला शू लागली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा बाहेर न्यावंच लागतं. म्हातारा कुत्रा अचानक रात्री येरझाऱ्या घालू लागला तर शिकवण्याआधी पशुवैद्याकडे न्या. सांधे किंवा मूत्रपिंडाचं दुखणं निघू शकतं.

त्यांची गोधडी शेवटी दाराजवळ, पण खोलीच्या आत स्थिरावली. सासूबाईंनाही ते पटलं. मी एकच अट घातली: बाळ आणि कुत्रा खोलीत असतील तेव्हा मोठं माणूस तिथे जागं हवंच, आणि रात्री सगळे झोपायच्या आधी दोघांच्या मध्ये जाळीचं फाटक लावायचं.