विचारा तर खरं : ‘शुगर, शुगर’ रडत का वाजतं?

‘द आर्चीज’चं १९६९ सालचं ‘शुगर, शुगर’ हे अमेरिकी पॉप गाणं, त्याच्या रेकॉर्डी आणि त्या वाजवताना होणारी खटपट, यांबद्दल आलेल्या पत्रांना या वेळी उत्तरं.

प्रश्न : बहीण न्यू जर्सीहून कायमची परत आली, येताना तिथला साठच्या दशकातला रेकॉर्ड प्लेअर घेऊन आली. ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावलाय. पण ‘शुगर, शुगर’ रेंगाळत आणि जाड्या आवाजात वाजतं. बेल्ट बदलावा का? (पुणे)

बेल्टवर पैसे घालू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज उतरवतो, फ्रीक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि त्या काळच्या एसी मोटरचा वेग फ्रीक्वेन्सीवर ठरतो. म्हणजे मिनिटाला ४५ फेरे घ्यायची तबकडी तुमच्याकडे साडेसदतीसच घेते. पावणेतीन मिनिटांच्या आसपासचं गाणं सव्वातीनच्या पुढे जातं आणि पट्टी जवळपास तीन अर्ध्या सुरांनी उतरते : हार्मोनियमच्या पांढरी दोनचं गाणं खालच्या पांढरी सातच्याही किंचित खाली. अशा वेगात हे गाणं खट्याळ वाटणारच नाही.

खात्री करायची तर तबकडीच्या कडेला कागदाची बारीक चिठ्ठी लावा आणि दोन मिनिटं फेरे मोजा. ९० भरले तर वेग बरोबर. ७५ च्या आसपास भरले तर वरचंच कारण. ८५-८८ भरले तर मात्र बेल्ट ढिला किंवा रबराचं चाक गुळगुळीत झालेलं असू शकतं.

पक्का इलाज मोटरच्या दांड्यावरची पितळी पुली बदलण्याचा. रबरी चाकावर चालणाऱ्या प्लेअरमध्ये नवी पुली जुनीच्या १.२ पट व्यासाची लागते : पुलीवर प्रत्येक वेगासाठी वेगळ्या जाडीची पायरी असते, ५ मिलिमीटरच्या पायरीला ६. सगळ्या पायऱ्या त्याच प्रमाणात वाढवा, नाहीतर ४५ चा वेग जमेल आणि ३३ चा बिघडेल. बेल्टच्या प्लेअरला हा हिशेब सरळ लागू होत नाही, कारण बेल्टची जाडीही व्यासात धरावी लागते. पुली १० मिलिमीटरची आणि बेल्ट ०.६ चा असेल तर नवी पुली १२ ची नाही, १२.१२ ची हवी. लेथवाल्याला व्हर्नियरने घेतलेलं माप द्या. अंदाजाने केलेली पुली हमखास चुकते, आणि थोडीशी वाकडी बसली की सूर डुलतो.

६० हर्ट्झची मोटर ५० वर जास्त करंट ओढते, म्हणून ट्रान्सफॉर्मरला १०० व्होल्टचा टॅप (वेगळी जोडणी) असेल तर तो वापरा. अर्ध्या तासाने मोटरजवळ जळका वास आला किंवा गुरगुर वाढली तर बंद करा.

लेथची कटकट नको असेल तर आहे त्या वेगाने संगणकावर रेकॉर्ड करा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये ‘चेंज स्पीड’ने वेग २० टक्के वाढवा. ‘चेंज टेम्पो’ नको. त्याने गाणं भरभर जाईल, पण पट्टी खालचीच राहील.

प्रश्न : मधलं भोक केवढं तरी मोठं असलेली सात इंची रेकॉर्ड मिळाली. आमच्या प्लेअरवर ती सरकते. (नाशिक)

ती अमेरिकी ४५, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांची रेकॉर्ड. भोक सुमारे ३८ मिलिमीटरचं असतं, आपल्या प्लेअरची मधली दांडी मात्र सात मिलिमीटरच्या आसपासची. मधे बसणारा प्लॅस्टिकचा अडॅप्टर जुन्या रेकॉर्डवाल्यांकडे मिळतो. पुठ्ठ्याचा घरी कापू नका. मिलिमीटरभर जरी केंद्र सरकलं तरी प्रत्येक फेऱ्याला सूर वरखाली होतो.

वाजवण्याआधी तबकडी कशाची आहे ते ओळखा. त्या काळच्या बऱ्याच अमेरिकी ४५ व्हिनाइलच्या नसून पॉलिस्टायरीनच्या होत्या. त्या हलक्या असतात, वाकत नाहीत, टिचकी मारली की कडक वाजतात. झिजक्या सुईने काही वेळातच त्यांची चर खरवडली जाते आणि ‘स’, ‘श’ फाटतात. फाटलेलं पुन्हा सांधत नाही. म्हणून आधी सुई नवी घ्या. ७८ च्या रेकॉर्डची जाड सुई या चरीत चालत नाही. धुवायला डिस्टिल्ड वॉटर, लिटरला भांडी धुण्याच्या लिक्विडचे एक-दोन थेंब, मऊ कापड चरीच्या दिशेनेच, मग नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने पुसून उभी वाळवा. लेबल भिजू देऊ नका, स्पिरिट लावू नका.

प्रश्न : हे गाणं नाश्त्याच्या खोक्यावरही छापलेलं होतं म्हणे. खरं का? तसली पुठ्ठ्याची रेकॉर्ड वाजते का? (ठाणे)

खरं आहे. सीरियलच्या खोक्याच्या पाठीवर प्लॅस्टिकच्या पातळ थरात चर उठवलेली असे. मुलं कात्रीने गोल कापून वाजवत. आज हाती लागली तर ती बहुधा बाक आलेलीच असते. खाली एक सपाट जुनी रेकॉर्ड ठेवा आणि लेबलच्या जागी एखादं नाणं ठेवा, म्हणजे पुठ्ठा घसरणार नाही. नाणं सुईच्या डोक्यावर ठेवायची जुनी युक्ती इथे नको, पातळ थर सोलून निघतो. पहिल्यांदा वाजवतानाच रेकॉर्ड करून घ्या. आवाजाची अपेक्षा बेताचीच ठेवा.

प्रश्न : आर्चीज हा खराच बँड होता का? (बेळगाव)

नाही. कॉमिक्समधल्या पोरांचा, टीव्हीवरच्या कार्टून मालिकेचा बँड. आवाज स्टुडिओतल्या गायकांचे : मुख्य रॉन डान्टेचा, सोबत टोनी वाइनचा. गाणं जेफ बॅरी आणि अँडी किम यांचं. सप्टेंबर १९६९ पासून ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चार आठवडे पहिलं होतं, इंग्लंडमध्ये आठ आठवडे. त्याच सुमारास डान्टे ‘द कफ लिंक्स’ या दुसऱ्या नावानेही यादीत वर होता. पुढच्याच वर्षी अमेरिकी गायक विल्सन पिकेटने हेच गाणं सोल, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी संगीताच्या ढंगात गायलं. तेही ऐकाच, पोरकट म्हणून हसणाऱ्यांची तोंडं बंद होतात.

प्रश्न : स्नेहसंमेलनात हार्मोनियम-ढोलकीवर बसवायचंय. सूर जुळतात, पण भजनासारखं वाटतं. (कोल्हापूर)

केरवा लावलात ना? सम जोरात पडते तिथेच बिघडतं. आठ मात्रांत तिसऱ्या आणि सातव्या मात्रेला टाळी घ्या, पहिलीला ढोलकी हलकी ठेवा. लय मिनिटाला १२० ठोक्यांच्या आसपास, एका ठोक्यात दोन मात्रा. पट्टी पांढरी दोन, कॉर्ड प्रामुख्याने तीन : डी, जी आणि ए. हार्मोनियमवर सूर लांब धरू नका. बोट लगेच उचला, भाता मात्र चालू ठेवा. कोरसला सगळ्यांनी एकाच सुरात गायलं तरी चालेल, पण टाळी चुकली की गेलं.

प्रश्न : आमच्या रेकॉर्डवरून केलेली फाइल यूट्यूबवर टाकली तर? (डोंबिवली)

तबकडी तुमची, ध्वनिमुद्रण तुमचं नाही. भारतीय कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षे असतो, म्हणजे या रेकॉर्डचा २०२९ अखेरपर्यंत. गीत-संगीताचा त्याहून पुढे. घरी ऐका.