टर्बो पेट्रोल गाडीचं आयडलिंग वरखाली होतं, टर्बो बदलावा लागेल का?

तुम्ही लिहिलंय की इंजिन गरम झालं की उभ्या गाडीत आरपीएमचा काटा ६०० ते १,१०० च्या दरम्यान वरखाली होतो, चालवताना पिकअप मात्र नीट मिळतो, आणि मेकॅनिक टर्बो बदला म्हणतोय. कृपा करून आत्ताच टर्बोवर खर्च करू नका.

आयडलिंगला एक्झॉस्टचा जोर इतका कमी असतो की टर्बो फिरत असला तरी बूस्ट (टर्बोने दाबून भरलेल्या हवेचा जादा दाब) बनत नाही. टर्बो गेला तर आधी पिकअप पडतो, निळा धूर येतो, ऑइल कमी व्हायला लागतं. यातलं काहीच तुम्ही सांगितलेलं नाही. उलट आयडलला थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जवळजवळ बंद असतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांत, दाब साधारण ३० ते ४० किलोपास्कलवर आलेला असतो. समुद्रसपाटीला बाहेरच्या हवेचा दाब १०१ च्या आसपास. त्यामुळे थ्रॉटलच्या पुढे कुठे केसाएवढी चीर असली तरी बाहेरची हवा आत ओढली जाते. ही हवा एअर फ्लो सेन्सरने मोजलेलीच नसते. मिश्रण पातळ होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं), ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो, आरपीएम चढतो, तो पुन्हा खाली आणायला जातो, आणि काटा असा झुलत राहतो. माझा पहिला संशय या लीकेजवर आहे.

संशय खरा की खोटा, हे पार्ट न खोलता कळतं. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावा आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त किंवा कमी देतोय तो आकडा, दोनदा बघा: एकदा आयडलला, एकदा गाडी उभी ठेवूनच २,५०० आरपीएम धरून. आयडलला समजा +१८ टक्के दिसतंय आणि २,५०० ला ते +३ वर येतंय, तर लीकेज जवळपास नक्की. फटीतून येणारी हवा तेवढीच राहते, पण एकूण हवा कितीतरी वाढते, म्हणून तिचा परिणाम विरून जातो. दोन्हीकडे ट्रिम चढलेलं असेल आणि लोडवर आणखी चढत असेल, तर फ्युएल प्रेशर किंवा घाण झालेला एअर फ्लो सेन्सर बघा. आयडलला ट्रिम उणे जात असेल, विशेषतः टाकी फुल केल्यावर त्रास वाढत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय का ते तपासा. काही गाड्यांत एअर फ्लो सेन्सर नसतो, फक्त मॅप सेन्सर (मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा) असतो. तिथे लीक झालेली हवाही हिशेबात येते, त्यामुळे ट्रिम ठीक दिसून नुसता आयडल चढलेला राहू शकतो. तुमच्या गाडीत कोणता आहे ते आधी बघून घ्या.

लीकेज निघालं तर मी सगळ्यात आधी पीसीव्ही (इंजिनच्या पोटातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा व्हॉल्व्ह) बघेन. टर्बो इंजिनांत त्याचा रबरी पडदा फाटणं फार नेहमीचं आहे. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून उचलून बघा. हलकीशी ओढ जाणवणं ठीक. पण झाकण आतून कोणी धरून ठेवल्यासारखं घट्ट बसलं असेल, आणि उचलताक्षणी आधीची बारीक शिट्टी थांबत असेल, तर पडदा फाटलेला आहे. त्यानंतर ब्रेक दाबून बघा. पेडल दाबताच आयडल बदलून तसाच बदललेला राहिला तर ब्रेक बूस्टर (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडल हलकं करणारा भाग) किंवा त्याची होज संशयात येते. डायव्हर्टर व्हॉल्व्हची (ॲक्सिलरेटर सोडल्यावर टर्बोचा जादा दाब वळवणाऱ्या व्हॉल्व्हची) बारीक व्हॅक्यूम होजही वाकवून बघा, टोकाला तडकलेली असते. एवढं करून हाती काही लागलं नाही तर स्मोक टेस्ट, म्हणजे इनटेकमध्ये धूर भरून करायची तपासणी, करून घ्या. धूर जिथून निघेल तीच जागा.

होजवर कार्ब क्लीनर मारून लीक शोधायचा सल्ला तुम्हाला खूप जण देतील. टर्बो गाडीत ते मुळीच करू नका. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि टर्बोची टर्बाइनकडची बाजू प्रचंड तापलेली असते, स्प्रे तिथे पडला तर आग लागू शकते.

ट्रिम सगळीकडे ठीक असतील तर थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर साफ करा. नंतर स्कॅनरने थ्रॉटल अ‍ॅडॉप्टेशन (ईसीयूला थ्रॉटलची स्थिती नव्याने शिकवणं) करायला विसरू नका, नाहीतर साफ केलेला थ्रॉटलसुद्धा काही काळ चुकीचाच आयडल देईल. प्लग कंपनीच्या गॅपप्रमाणे आहेत ना तेही पाहा. टर्बोमध्ये गॅप लहान लागतो, बऱ्याच इंजिनांत ०.७ मिलिमीटरच्या आसपास. स्कॅनरवर पी०३०१ ते पी०३०४ (१ ते ४ नंबरच्या सिलिंडरमधला मिसफायर, म्हणजे पेट्रोल नीट न पेटणं) पैकी एखादा कोड आला तर त्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीची वीज देणारी) शेजारच्या सिलिंडरला लावून बघा. कोड कॉइलबरोबर सरकला तर दोष कॉइलचाच. डायरेक्ट इंजेक्शनमधला व्हॉल्व्हवरचा कार्बन बहुधा थंड इंजिनला जास्त छळतो. तुमचा त्रास गरम झाल्यावर सुरू होतो, म्हणून तो मी शेवटी ठेवेन.

आणि मध्येच चेक इंजिन लाइट नुसता लागून न राहता लुकलुकायला लागला, तर गाडी तिथेच थांबवा. ते जोरदार मिसफायरचं लक्षण आहे. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (एक्झॉस्टचा धूर स्वच्छ करणारा भाग) जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टरच जळतो, आणि तो खर्च पीसीव्हीपेक्षा कितीतरी मोठा असतो.