गिटारिस्टनं वेगळं काही सुरू केलंय, आता बँड फुटणार का?

बँडमधल्या एकानं स्वतःची वेगळी गाणी करायला घेतली, की उरलेल्यांपैकी कुणीतरी समुपदेशनाला येतं. प्रश्न साधारण एकच असतो: हा आता जाणार का, आणि जाणारच असेल तर आपणच आधी त्याला काढून मोकळं व्हावं का? पुढची केस कोल्हापुरातल्या चौघांच्या एका रॉक बँडची आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत आणि अशाच दुसऱ्या एका बँडच्या काही गोष्टी तिच्यात मिसळल्या आहेत.

आला होता गायक. बँड त्यानंच जमवलेला, शो मिळवण्याचे फोनही तोच करणार. प्रॅक्टिसची जागा उद्यमनगरात एका वर्कशॉपच्या माडीवर. खालचे लेथ संध्याकाळी सातला थांबले की यांची जुळवाजुळव सुरू, आणि रात्री दहाला सगळं बंद. तक्रार गिटारिस्टची. त्यानं इचलकरंजीच्या एका गायिकेबरोबर अकूस्टिक मराठी गाणी बसवली होती आणि ही बातमी गायकाला कळली ती कुणीतरी फॉरवर्ड केलेल्या रीलमधून. ‘मॅडम, अख्ख्या रंकाळ्याला माहीत होतं, मलाच न्हाई. आणि आता तो प्रॅक्टिसला येतच न्हाई.’

‘येतच न्हाई’ हे वाक्य अशा प्रत्येक केसमध्ये असतं आणि ते तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. गायकाला एक साधा तक्ता भरायला दिला: तारीख, काय झालं, तुम्हाला कुणी सांगितलं, किती दिवस आधी सांगितलं. आठवणीतून भरायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मागं सरकवत, मेसेज बघून भरायचा. दीड महिन्याच्या बारा प्रॅक्टिस निघाल्या. गिटारिस्ट दोन चुकला होता, त्यातली एक गोकुळ शिरगावच्या कारखान्यातल्या सेकंड शिफ्टमुळं. पाच वेळा अर्धा तास उशिरा आला होता. ड्रमर मात्र चार वेळा गैरहजर होता, आणि त्याच्याबद्दल गायकानं तासाभरात अवाक्षर काढलं नव्हतं.

या केसचा गाभा इथं सापडला. ड्रमर दोन वर्षं एका ऑर्केस्ट्रात वाजवत होता. लग्नसराईत त्याच्या तारखा गेल्या की बँड मुकाट्यानं प्रॅक्टिस पुढं ढकलायचा, कारण ‘पोटासाठी करतोय की तो’. गिटारिस्टच्या प्रोजेक्टमध्ये पैसा जवळजवळ नव्हता आणि नेमकं तेच झोंबत होतं. पैशासाठी दुसरीकडं वाजवलेलं बँडला चालतं. आवडीसाठी दुसरीकडं वाजवलं तर ‘मग आमच्यात काय कमी होतं?’ हा प्रश्न उभा राहतो. बँड मोडण्याची भीती बोलून दाखवली जाते. पण आपल्याला न विचारता त्यानं चांगली गाणी दुसऱ्याला दिली, हे दुखणं बोलायला लाज वाटते. म्हणून ते प्रॅक्टिसच्या हजेरीवर घसरतं.

गिटारिस्टची बाजू वेगळ्या बैठकीत ऐकली. त्यानं वर्षभरात दोन संथ गाणी बँडपुढं ठेवली होती. दोन्ही वेळा ‘भावा, आपल्याला हे शोभत न्हाई’ एवढ्यावर विषय संपला. मग सांगितलं का नाहीस, या प्रश्नावर त्याचं उत्तर असं: ‘सांगितलं असतं तर नको म्हणाले असते, आणि मग नको म्हटल्यावर केलं असं झालं असतं.’ लपवाछपवीमागं बहुधा हाच हिशेब असतो. तो चुकतो, कारण रील कोल्हापूरसारख्या गावात चार दिवसही लपत नाही.

दोघंही आपापले दाखले घेऊन आले होते, हे मजेशीर होतं. गायकाकडं मेटालिका हा अमेरिकन मेटल बँड: बासवादक जेसन न्यूस्टेडला इकोब्रेन या दुसऱ्या बँडचं काम करायचं होतं, बँडचा गायक जेम्स हेटफिल्डला ते मान्य नव्हतं, आणि चौदा वर्षांनंतर जानेवारी २००१ मध्ये न्यूस्टेड बाहेर पडला. गिटारिस्टकडं ब्लर या ब्रिटिश बँडचा गायक डेमन अल्बर्न: ब्लर असताना त्यानं गोरिलाझ हा दुसरा बँड उभा केला, २००१ मध्ये त्यांचा पहिला अल्बम आला, आणि ब्लरचे अल्बम त्यानंतरही येत राहिले. घरचं उदाहरण हवं तर मुंबईच्या पेंटाग्राम या रॉक बँडमध्ये गाणारा विशाल ददलानी शेखर रावजियानीबरोबर हिंदी सिनेमांना संगीत देत होताच. परवानगी दिली की सगळं सुरळीत होतं असंही नाही. किस बँडच्या चौघांनी १८ सप्टेंबर १९७८ रोजी एकाच दिवशी चार एकल अल्बम काढले, तेही बँडच्याच नावाखाली. तरी पीटर क्रिस १९८० मध्ये आणि एस फ्रेली १९८२ मध्ये बाहेर पडले. दाखले दोन्हीकडचे हवे तेवढे मिळतात. आपल्या बँडचं काय होणार ते आपल्या कॅलेंडरवरून बघावं.

चौघांची एकत्र बैठक ठेवली ती प्रॅक्टिसच्या खोलीत नाही. वाद्यं समोर असली की अवघड वाक्याच्या वेळी कुणीतरी तार छेडतो आणि विषय बुडतो. नव्वद मिनिटं. प्रत्येकानं कागदावर तीन ओळी लिहायच्या: पुढच्या सहा महिन्यांत बँडकडून काय हवं, महिन्याला किती दिवस देऊ शकतो, काय मुळीच देऊ शकत नाही. आपला कागद आपण वाचायचा नाही, शेजाऱ्यानं वाचायचा. दुसऱ्याच्या तोंडून आलेल्या ओळीला उलटं उत्तर द्यायची घाई कमी होते.

आकडे असे आले: बास वाजवणारा बारा दिवस, गायक दहा, गिटारिस्ट आठ, ड्रमर सहा. आठवड्याला दोन प्रॅक्टिस म्हणजे महिन्याला आठ-नऊ दिवस, वर दोन शो. पुण्याचा शो असला तर पहाटे परत, म्हणजे दोन दिवस गेलेच. अकरा दिवसांचा बँड सहा दिवसांच्या ड्रमरवर उभा होता. साइड प्रोजेक्ट नसता तरी हे गणित बसलं नसतं. खोलीत थोडा वेळ शांतता झाली आणि मग ड्रमरच म्हणाला, ‘मग माझ्यावर कुणी का चिडलं न्हाई लेका?’

तारखांची व्यवस्था त्यावरून ठरली. आठवड्याला एकच प्रॅक्टिस, तीही अडीच तासांऐवजी दोन तास आणि आधी ठरवलेल्या गाण्यांचीच. चौघांचं एक सामाईक गूगल कॅलेंडर, बँड लाल रंगात, बाहेरची कामं निळ्यात. आलेली चौकशी ‘अंदाजे’ म्हणून टाकायची आणि ती चार दिवसच धरायची. तोवर आगाऊ रक्कम आली नाही तर तारीख मोकळी. हा नियम नसला की आयोजक ‘बघतो, कळवतो’ म्हणत तीन आठवडे लटकवतो आणि चौघांची दुसरी कामं जातात. १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी हा कॉलेजांच्या गॅदरिंगचा हंगाम, त्यात पहिला हक्क बँडचा. उरलेल्या वर्षात जी तारीख आधी पक्की झाली तिचा मान. एकवीस दिवस आधी सांगितलं तर बदली वादक बोलवायचा, त्याहून उशिरा सांगितलं तर ज्यानं उशीर केला त्यानं बाहेरचं काम सोडायचं.

बदली वादक हे प्रकरण सोपं वाटतं, पण बहुतेक बँड इथंच तोंडघशी पडतात. यांचा गायक वरचे स्वर सांभाळायला सगळी गाणी अर्धा स्वर खाली घ्यायचा. हे इतकं अंगवळणी पडलं होतं की एका बदली वादकाला ते सांगायचंच राहिलं आणि तो फ्लोटिंग ब्रिजची (तारा अडकवायची पट्टी स्प्रिंगांवर तोललेली असते तसली) गिटार नेहमीच्या सुरात लावून स्टेजवर आला. तसल्या ब्रिजवर एक तार उतरवली की बाकीच्यांचा ताण बदलतो, सगळ्या पुन्हा पुन्हा लावाव्या लागतात, आणि ते दोन गाण्यांच्या मधल्या वेळात होत नाही. म्हणून एक फोल्डर तयार करायला सांगितलं: प्रत्येक गाण्याची पट्टी, गिटारचं ट्यूनिंग, लय मिनिटाला किती ठोके, कॉर्डचा कागद, सुरुवात कोण देतो आणि शेवट कसा, आणि शेवटच्या शोचं रेकॉर्डिंग. बारा गाण्यांसाठी किमान दोन प्रॅक्टिस बदली वादकाबरोबर. एका प्रॅक्टिसमध्ये सुरुवाती आणि शेवट तेवढे बसतात.

सामानावरून झालेलं भांडण छोटं होतं, पण कडू. मल्टिइफेक्ट प्रोसेसर, म्हणजे गिटारचा आवाज हवा तसा बदलणारं पायाशी ठेवायचं यंत्र, बँडच्या सामाईक पैशातून घेतलेला. गिटारिस्टनं अकूस्टिक आवाजासाठी त्यात बदल केले, नव्या जागी सेव्ह करायच्या ऐवजी जुन्यावरच सेव्ह केले, आणि सांगलीच्या शोला सोलोसाठी पाय मारला तर मऊ, कोरा आवाज आला. गायकाच्या मते हा अपमान होता. खरं तर ती सेव्ह करतानाची चूक होती. उपाय कोरडा आहे: पहिले वीस प्रीसेट (सेव्ह करून ठेवलेले आवाज) बँडचे, त्यापुढचे त्याचे, आणि दर शोच्या आधी लॅपटॉपवर बॅकअप. सामाईक वस्तूंची एक वही. बाहेर नेलं तर तारा, काठ्या, केबल स्वतःच्या खर्चानं, आणि शोच्या आदल्या संध्याकाळी सामान परत.

खरा गुंता गाण्यांचा. नव्या प्रोजेक्टच्या एका गाण्यात असा रिफ (पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा छोटा तुकडा) होता जो गायकाच्या मते ‘बँडचा’ होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क वेगवेगळे आहेत. शब्द लिहिणाऱ्याचे, चाल संगीतकाराची, रेकॉर्डिंग ते करवून घेणाऱ्या निर्मात्याचं. ‘बँड’ नावाचा आपोआप मालक कायद्याला माहीत नाही. मात्र दोघांनी मिळून केलेल्या चालीत कुणाचं किती ते वेगळं काढताच येत नसेल, तर ती संयुक्त कृती ठरते आणि मग एकट्याला ती परस्पर दुसऱ्याला वापरायला देता येत नाही. प्रॅक्टिसमध्ये जुळलेल्या रिफचं नेमकं हेच होतं: एक जण सुरुवात करतो, दुसरा मोडतोड करतो, आणि सहा महिन्यांनी दोघांनाही आपणच केलं असं मनापासून आठवतं.

सुदैवानं बास वाजवणाऱ्याला प्रॅक्टिस मोबाइलवर रेकॉर्ड करायची सवय होती. चौघांनी बसून ते ऐकलं. रिफचे पहिले आठ बार (तालाची आवर्तनं) गिटारिस्टनं घरून आणले होते, ते आल्या आल्या वाजवताना ऐकू येतात. पुढं सात मात्रांत घेतलेलं वळण ड्रमरचं होतं. गायकाचं त्यात काही नव्हतं, आणि हे त्यानं स्वतःच्या कानांनी ऐकलं ते बरं झालं, आम्ही सांगून पटलं नसतं. तडजोड अशी: पहिले आठ बार नव्या प्रोजेक्टला मोकळे, सात मात्रांचा भाग बँडकडं, तो वापरायचा असेल तर संगीतकार म्हणून ड्रमरचं नाव.

पुढच्यासाठी एक तक्ता ठरला. प्रत्येक गाण्यापुढं शब्द कुणाचे, चालीत कुणाचा किती वाटा, आणि अवस्था: बँडचं, मोकळं किंवा चर्चेत. प्रॅक्टिस संपताना दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग करायचं, तारीख आणि कुणी काय आणलं ते बोलून. आणलेलं गाणं बँडनं सहा प्रॅक्टिसमध्ये हाती घेतलं नाही तर ते आणणाऱ्याचं मोकळं. या एका कलमानं ‘शोभत न्हाई’ म्हणण्याला किंमत आली. नको म्हणायचं तर म्हणा, पण मग दुसरीकडं दिसल्यावर रडायचं नाही. दोन्हीकडं एकच गाणं आलं तर ती दोन रेकॉर्डिंग, प्रत्येकीचा आयएसआरसी कोड, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, वेगळा. बँडच्या प्रॅक्टिसचा तुकडा कापून नव्या गाण्यात चिकटवायचा नाही. गाणी ऑनलाइन पोचवणाऱ्या वितरकानं ते यूट्यूबच्या कंटेंट आयडीत (व्हिडिओंमधलं सारखं रेकॉर्डिंग आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत) टाकलं तर उद्या बँडच्याच व्हिडिओवर दावा येऊ शकतो.

पैशात एकच दुरुस्ती झाली, पण गायकाचा निम्मा राग तिनं उतरवला. शो आणण्याचे फोन, कोटेशन, आयोजकामागं लागणं हे सगळं तो फुकट करत होता आणि त्याबद्दल कधी बोलला नव्हता. आता ३०,००० रुपयांच्या शोमधले १० टक्के, म्हणजे ३,००० शो आणणाऱ्याला, १५ टक्के म्हणजे ४,५०० सामाईक खात्यात, उरलेले २२,५०० चौघांत, प्रत्येकी ५,६२५. बदली वादक आला तर त्याचे ४,००० गैरहजर सदस्याच्या वाट्यातून, वरचे १,६२५ सामाईक खात्यात. नावाबद्दलही ठरलं: ओळख करून देताना बँडचं नाव चालेल, पण पोस्टरवर मोठ्या अक्षरात नाही.

सहा महिन्यांनी चौघं पुन्हा आले. बँड सुरू होता, शो आधीपेक्षा कमी होते. नाकारलेल्या दोन संथ गाण्यांपैकी एक बँडनं परत मागितलं आणि गिटारिस्टनं ते दिलं नाही, कारण तक्त्यात ते मोकळं झालं होतं. गायकाला ते आवडलं नाही. पण त्यानं ते खोलीत, सगळ्यांसमोर सांगितलं.

कुणी खरंच निघायच्या वाटेवर असेल तर खुणा वेगळ्या असतात: तीन महिन्यांपुढच्या तारखांवर ‘नंतर बघू’, खोलीतलं स्वतःचं सामान हळूहळू घरी, नव्या गाण्यावर ना वाद ना सूचना. तसं दिसलं तर थेट विचारावं आणि निघण्याची तारीख दोन महिने पुढची धरावी. तेवढ्यात घेतलेले शो पूर्ण होतात, बदली वादकाचं फोल्डर बनतं आणि सामाईक सामानाचा हिशेब मिटतो. खरेदीच्या किमतीतून वर्षाला २० टक्के घट धरून उरलेल्याचा चौथा हिस्सा, असा हिशेब या चौघांनी आधीच वहीत लिहून सह्या करून ठेवला आहे.