‘मुलांपुढं पुराचं बोलू नका’ म्हणणाऱ्या घरांसाठी

मे संपत आला की कोल्हापुरात आमच्याकडं समुपदेशनासाठी एकच प्रश्न घेऊन पालक येतात. "मॅडम, पोरांपुढं पुराचा विषय काढायचा का? उगाच भीती बसायची." 2019 आणि 2021, दोन्ही वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी 55 फुटांच्या वर गेली. ज्या पोरांनी ते पाणी बघितलंय, त्यांच्या मनात हा विषय आपण काढायची वाट बघत थांबलेला नसतो.

चिखलीच्या बाजूचा एक नऊ वर्षांचा मुलगा (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). आभाळ भरून आलं की त्याचं पोट दुखायचं. तपासण्यांत काही निघालं नव्हतं. सारखा आईच्या मोबाइलवर पाणीपातळी बघायचा. घरचे समजूत घालायचे, "काही होत नाही रे."

मी विचारलं, "पाणी आलं तर काय होईल?"

"येतंयच की आमच्याकडं. मग ट्रॅक्टरनं सोनतळीला जायचं."

इतक्या सहज म्हणाला, की ही भीती पाण्याची नाही हे तिथंच कळलं. अशा वेळी लगेच धीर द्यायचा मोह होतो. मी तो आवरते.

"ट्रॅक्टरमध्ये कोण कोण असतं?"

"मम्मी, आजी, दीदी, मी." बोटं मोडत बसला. मग म्हणाला, "पप्पा म्हशींजवळ थांबतात."

मागच्या महापुरात वडील जनावरांसाठी मागं राहिले होते, फोन बंद पडला होता. घरात तो किस्सा पुढं हसत, कौतुकानं सांगितला जायचा. या पोराला त्यात हसू येण्यासारखं काही सापडलं नव्हतं, आणि ते कुणी विचारलंही नव्हतं.

मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांना मानणारी. ‘पूर येताच कामा नये’ या हट्टानं भीती वाढते. ‘येऊ नये, पण आला तर निभावू’ म्हणता आलं की ती आटोक्यात येते. मात्र ते ‘निभावू’ खरं असावं लागतं. मुलांना पोकळ शब्द बरोबर ओळखू येतो. म्हणून वडिलांना बोलावलं.

"म्हशी सोडून येऊ होय?" ते जरा चिडलेच.

"नको. म्हशी आधी न्या. कधी नेणार, तो आकडा त्याला सांगा."

ते विचारात पडले. मग पोराकडं वळून म्हणाले, "39 फूट झालं की जनावरं हलवायची. मी त्यांच्यासंगंच."

39 म्हणजे इशारा पातळी, 43 ला धोका. हे आकडे पोराला वडिलांपेक्षा पाठ.

"41 झालं तरी थांबलात तर?"

"तर फोन कर."

"बंद असला तर?"

या प्रश्नाला वडिलांकडं उत्तर नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाले, "तर काका येऊन मला घेऊन जाईल. आजच सांगून ठेवतो त्याला." पोरानं तिथंच माझ्याकडून कागद मागून ते लिहून घेतलं. पोटदुखीवरचा इलाज या कागदात होता, असं मी आजही मानते.

तेव्हा पालकहो, सांगण्याआधी विचारा. ‘कशाची भीती वाटते?’ यापेक्षा ‘तेव्हा कोण कुठं असेल?’ हा प्रश्न जास्त कामाचा. नदी किती फुटांवर गेली की आपण निघायचं, कुठं जायचं, चुकामूक झाली तर कुठं भेटायचं, हे कोरड्या दिवसांत ठरवा आणि एकदा चालत जाऊन बघा. पिशवी मुलालाच भरू द्या. टॉर्च, वह्या, एखादं आवडतं खेळणं. एक मोबाइल नंबर तोंडपाठ हवाच. पाच-सहा वर्षांखालच्यांना आकडे नकोत, ‘आपण सगळे एकत्र जाणार’ एवढं पुरतं, तेही खरं असेल तरच. आठवी-नववीच्या पोरांना मात्र खरं काम द्या, आजीची औषधं त्यांच्याकडं सोपवा. पुराचे व्हिडिओ घरात दिवसभर चालू ठेवायची हौस मोठ्यांनी आवरावी. पाणी ओसरून महिना झाला तरी झोप उडालेली असेल, अंथरूण ओलं होत असेल, शाळा नको वाटत असेल, तर समुपदेशकाला भेटा किंवा 14416 या टेली मानस हेल्पलाइनवर बोला.