वाचकांचे प्रश्न : मुलं नुसतं ‘पुढे’ दाबत सुटतात

या अंकासाठी सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून आलेली पत्रं निवडली आहेत. सगळ्यांचा विषय एकच : शिक्षकांनी स्वतः बनवलेले, मुलांनी हाताळायचे डिजिटल धडे. पत्रं थोडक्यात दिली आहेत.

प्रश्न : सातवीसाठी जलचक्रावर पॉवरपॉइंटमध्ये ४० स्लाइडचा धडा केला. चित्रं हलतात, आवाज आहे, शेवटी दहा प्रश्न आहेत. मुलं भराभर टिचक्या मारत शेवट गाठतात आणि चाचणीत अडकतात. काय चुकतंय?
— शिक्षिका, जि. प. शाळा, मोहोळ तालुका

उत्तर : तुमच्या धड्यात मुलाला करण्यासारखं एकच काम आहे, पुढे जाणं. ते मुलं चोख करतात.

आधी टिचक्यांचा बंदोबस्त. संगणकावर ‘स्लाइड शो’मधल्या ‘सेट अप स्लाइड शो’त जाऊन ‘ब्राउझ्ड ॲट अ किऑस्क’ निवडा. मग पडद्यावर कुठेही टिचकी मारली तरी स्लाइड बदलत नाही; तुम्ही लिंक दिलेली बटणंच चालतात. इथे दोन ठिकाणी गडबड होते. ‘ट्रान्झिशन्स’मध्ये ‘आफ्टर’ची खूण राहून गेली असेल तर स्लाइड आपोआप सरकते. आणि एखाद्या स्लाइडवर बटण द्यायचं राहिलं तर मूल तिथेच कैद होतं. टॅबसाठी मात्र एचफाइव्हपी (हाताळता येणारे धडे, प्रश्न बनवायचं मोफत साधन) बरं. ‘लुमी’ हे मोफत सॉफ्टवेअर संगणकावर घेतलं की त्यातून एचटीएमएलची, म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारी, एकच फाइल निघते आणि ती इंटरनेटशिवाय चालते. त्यातल्या ‘इंटरॅक्टिव्ह व्हिडिओ’ प्रकारात प्रश्नापाशी व्हिडिओ थांबवता येतो आणि उत्तर चुकलं तर मुलाला ठरावीक मिनिटाला मागे नेता येतं.

पण कुलूप लावून धडा चांगला होत नाही. ४० स्लाइडचे चार तुकडे करा : बाष्पीभवन, संघनन, पर्जन्य, मुरणं-वाहणं. प्रत्येक तुकडा दीड-दोन मिनिटांचा, आणि तुकडा सुरू होण्याआधी एक प्रश्न. ‘उन्हाळ्यात उजनीचं पाणी कमी होतं, ते सगळं कालव्यांतूनच जातं का?’ असं आधी विचारलं की पुढची दोन मिनिटं मूल उत्तर शोधत बघतं. दहा प्रश्न शेवटी साठवून ठेवू नका, तुकड्यातुकड्याला वाटा.

चुकलेल्या उत्तराला नुसती लाल फुली देऊ नका. प्रत्येक चुकीच्या पर्यायामागे मुलाचा काही विचार असतो, त्या विचारालाच उत्तर द्या : ‘ढग म्हणजे वाफ, असं तुला वाटलं. वाफ डोळ्यांना दिसत नाही; ढगात पाण्याचे बारीक थेंब असतात.’ पर्याय तीनच ठेवा, पण तिघांनाही असं एकेक वाक्य हवं. धड्यातला निम्मा वेळ इथेच जातो आणि तो जावाच. एक बारीक गोष्ट : चुकल्यावर गमतीशीर आवाज लावला असेल तर काढून टाका. तो ऐकायला मुलं मुद्दाम चुकतात.

प्रश्न : आमच्या विद्यार्थ्यांना जकार्ड (भोकं पाडलेल्या कार्डांवरून मागावर नक्षी उठवणारं यंत्र) कसं चालतं ते शिकवायचं आहे. यंत्राचं फिरवून बघता येणारं त्रिमितीय मॉडेल करून घ्यावं का? खर्च बराच सांगतात.
— निदेशक, वस्त्रनिर्माण, सोलापूर

उत्तर : नको. चादरीच्या गावात मुलांनी जकार्ड बाहेरून पाहिलेलं असतं. न दिसणारी गोष्ट आत आहे : कार्डावरचं भोक आणि कापडावरची नक्षी यांचा संबंध. पैसा आणि वेळ तिथे लावा.

दोन पडदे पुरतात. पहिल्यावर बाजूने दिसणारी एक सुई, एक हूक, उचलणारी पाती आणि एक उभा धागा. विद्यार्थ्याच्या हातात दोनच बटणं : ‘भोक आहे’ आणि ‘भोक नाही’. भोक असलं तर सुई आत शिरते, हूक पातीवर अडकलेलाच राहतो आणि पाती वर जाताना धागा उचलला जातो. भोक नसलं तर कार्ड सुईला मागे ढकलतं, हूक पातीवरून सुटतो, धागा खालीच राहतो. या चार हालचाली एकदम दाखवू नका. एक संपली की दुसरी, आणि त्या क्षणी जो भाग हलतोय तोच गडद, बाकी फिके. भागांची नावं भागांना चिकटून लिहा. १, २, ३ आकडे देऊन खाली यादी दिली तर डोळे वर-खाली धावण्यातच दमतात.

दुसरा पडदा म्हणजे आठ बाय आठ चौकटी. एक ओळ म्हणजे एक कार्ड, आणि एक कार्ड म्हणजे धोट्याची (आडवा धागा नेणाऱ्या नळीची) एक फेक. विद्यार्थी भोकं पाडतो, शेजारी कापड विणलं जातं. उभा धागा पांढरा, आडवा लाल धरा. भोक तिथे उभा धागा वर, म्हणून कापडावर पांढरं. हे एक्सेलमध्येही होतं. डावीकडे ६४ चौकोनी घरं (भोक असेल तिथे १ लिहायचा), उजवीकडे तितकीच. उजवीकडच्या प्रत्येक घराला डावीकडच्या घराची जोडणी द्या आणि ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’ने १ असेल तर पांढरा, नाहीतर लाल रंग लावा. आकडे दिसू नयेत म्हणून घरांच्या ‘कस्टम’ फॉरमॅटमध्ये नुसती तीन अर्धविरामचिन्हं (;;;) टाका.

बहुतेकांची फसगत ओळींच्या क्रमात होते. मागावर पहिली फेक विणकराच्या जवळ, म्हणजे खाली पडते. म्हणून कार्डांची सर्वांत वरची ओळ कापडाच्या सर्वांत खालच्या ओळीला जोडायची. सरळसरळ जोडलीत तर नक्षी उलटी येते, आणि चौकोनी फुलावर ते कळतच नाही. तपासायला ‘र’ काढून पाहा. या धड्याला गुणांची, टाळ्यांची गरज नाही. भोक चुकलं की चूक कापडावर दिसते, यापेक्षा चांगला अभिप्राय कुठलं सॉफ्टवेअर देणार! ती दिसायला वेळ मात्र लागता कामा नये. दाबल्यापासून सेकंदाच्या दहाव्या भागात बदल दिसला तरच ‘मी केलं, म्हणून झालं’ असं वाटतं.

प्रश्न : आमच्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी कन्नड बोलतात. धड्यात मजकूर बोलून दाखवावा, लिहून दाखवावा, की दोन्ही? प्रशिक्षणात ‘दोन्ही नको’ असं सांगितलं होतं.
— शिक्षक, अक्कलकोट तालुका

उत्तर : प्रशिक्षणातलं सांगणं निराधार नाही. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रिचर्ड मेयर यांच्या प्रयोगांतून हे दिसलं आहे : पडद्यावर चित्र हलत असताना तेच शब्द बोलले आणि खाली लिहिलेही, तर शिकणं कमी होतं. डोळ्यांना चित्र बघू की वाचू, असं होतं. पण हा नियम सरसकट लावू नये. धड्याची भाषा घरची नसेल, तर लिहिलेला शब्द ऐकलेल्या शब्दाला आधार देतो. शहरात पूर्व भागातल्या तेलुगूभाषक मुलांनाही हेच लागू.

मधली वाट अशी : पूर्ण वाक्य बोला, पण पडद्यावर फक्त कळीचे दोन-तीन शब्द चित्राजवळ आणा आणि तुकडा संपेपर्यंत राहू द्या. ‘पुन्हा ऐका’ हे बटण प्रत्येक पडद्यावर एकाच जागी हवं. कन्नड स्पष्टीकरण द्यायचं असेल तर वेगळ्या बटणावर द्या. एकाच वाक्यात दोन भाषा कालवू नका. आवाज मोबाइलवर घेतला तरी चालतो, फक्त पंखा बंद आणि फोन तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला, म्हणजे ‘प’, ‘फ’ फुटत नाहीत. एकाच वाहिनीचा ६४ केबीपीएस एमपी३ केलात तर मिनिटाला अर्ध्या एमबीच्या आतच राहतो.

प्रश्न : घरच्या संगणकावर धडा व्यवस्थित दिसतो, शाळेत अक्षरांच्या जागी इंग्रजी खुणांची रांगोळी येते.
— मुख्याध्यापक, बार्शी

उत्तर : मजकूर जुन्या, युनिकोड (सगळ्या संगणकांना कळणारी अक्षरांची सामाईक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप झालाय. ते फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फॉन्ट गेला की खरं रूप उघडं पडतं. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि नंतर डोळ्यांखालून घालाच, कारण रूपांतरात रफार आणि ‘ऱ्य’, ‘ऱ्ह’ हमखास बिघडतात. मुक्ता किंवा नोटो सॅन्स देवनागरी वापरा, दोन्ही मोफत आहेत. मजकुराचं चित्र करून चिकटवणं हा उपाय नव्हे. पुढच्या वर्षी एक शब्द बदलायचा तर सगळं नव्याने करावं लागेल. प्रोजेक्टरवर २८ पॉइंटच्या खाली जाऊ नका आणि दोन ओळींत दीडपट अंतर ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांना भिडतात. दुपारच्या उजेडात काळ्या पाटीवरची पांढरी अक्षरं विरून जातात, म्हणून पांढरट पाटीवर गडद अक्षरं.

प्रश्न : दहा मिनिटांचा व्हिडिओ ६०० एमबीचा होतो. पालकांच्या फोनवर कसा पाठवावा?
— शिक्षिका, सोलापूर

उत्तर : ‘हँडब्रेक’ या व्हिडिओ लहान करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ७२०पी, एच.२६४, क्वालिटी २४, आवाज एकाच वाहिनीचा. सरासरी १ एमबीपीएस पडला तरी मिनिटाला साडेसात एमबी होतात. स्थिर स्लाइड जास्त असतील तर त्याहून बरेच कमी. शिवाय दहा मिनिटांचे चार भाग करा. व्हॉट्सॲपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवला की तो पुन्हा दाबला जातो आणि आकृतीतली बारीक अक्षरं पुसट होतात.

प्रश्न : धडा मुलांना सोपा जातो की नाही, हे बनवण्याआधी कसं कळेल?
— बी.एड. विद्यार्थिनी, पंढरपूर

उत्तर : कागदावर. प्रत्येक पडदा कोऱ्या कागदावर पेन्सिलीने काढा, बटणं चौकटीत. एका मुलाला समोर बसवा, ‘आता काय करशील?’ विचारा, ते बोट ठेवेल त्याप्रमाणे पुढचा कागद सरकवा. सुचवू नका, मान हलवू नका. बोट कुठे थबकलं आणि कुठे चुकीच्या जागी पडलं तेवढंच टिपा. पाच मुलं पुरतात. तीच अडचण पुन्हा पुन्हा समोर येऊ लागते. वर्गातली पाच हुशार मुलं मात्र निवडू नका. ‘आवडलं का?’ हे विचारण्यात अर्थ नाही, बाईंना कुणी ‘नाही’ म्हणत नाही.

मग दुरुस्त करून टॅबवर न्या, पुन्हा पाच वेगळी मुलं. या फेरीत बोटांचे प्रश्न दिसतील. बटण किमान १ सेंटिमीटर रुंद-उंच, पहिली-दुसरीसाठी दीड ते दोन, मध्ये मोकळी जागा. ‘ओढून जोडा’ प्रकारात ओढायचे तुकडे खाली आणि जागा वर ठेवा, कारण उलट केलं तर मुलाच्या तळहातानेच जागा झाकली जाते. तुकडा जागेच्या जवळ सोडला तरी तो आपोआप बसू द्या. लहान मुलं ओढताना मध्येच बोट उचलतात, तेव्हा तुकडा मूळ जागी परत न पाठवता सुटला तिथेच राहू द्यावा. आणि बरोबर-चूक नुसत्या हिरव्या-लाल रंगाने सांगू नका, सोबत खूण द्या; हे दोन रंग वेगळे न ओळखणारा मुलगा वर्गात असू शकतो, आणि बऱ्याचदा ते त्याच्या घरच्यांनाही ठाऊक नसतं.