वारा फिरतो तेव्हा : शिकारकथा लिहिणाऱ्या मुलीला पत्र

चि. लेखिके,

अनेक आशीर्वाद.

तुझी कथा वाचली. राजापूर तालुक्यातला सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार, शिमग्याची पौर्णिमा, ठासणीची बंदूक घेऊन रानडुकराच्या मागावर निघालेला माणूस, आणि मध्यरात्री त्याच्याच मागावर लागलेला दुसरा माणूस. विषय तू जीव लावून निवडला आहेस, हे पानोपानी कळतं. म्हणून मीही हात आखडता न घेता लिहितो.

आधी मुद्द्याचं. तुझ्या कथेत बंदूक खाडीत पडते आणि पुढच्याच वाक्यात ‘आता तोच सावज झाला होता’ असं येतं. बंदूक गेल्याने माणूस निःशस्त्र होतो, सावज होत नाही. उभा जन्म रान वाचून त्याने जे कमावलं, ते सगळं त्याच्यावर उलटलं पाहिजे. घशाला कोरड पडल्यावर जनावर पाणवठ्यावर येणारच, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. त्या भरवशावर तो कितीदा तिथे दबा धरून बसला असेल! आता कोरड त्याच्या घशाला पडली आहे. रानाची माहिती नसलेला माणूस सरळ जाऊन पाणी पिईल. तुझा शिकारी पिऊ शकणार नाही, कारण पाणवठ्याच्या कुठल्या जाळीत बसायचं हे त्याला माहीत आहे आणि त्या जाळीत आज कोण असेल, हेही. खरी भीती इथे आहे. तुझ्या कथेत ती अजून आलेली नाही.

त्यासाठी पहिला भाग बदलावा लागेल. सध्या तिथे सहा पानं शिकाऱ्याचा रुबाब आहे: मिशा, वाड्यातली शिंगं, बायकोचा अबोला. त्यातलं पुष्कळ जाऊ दे. त्या जागी वाचकाला शिकार शिकव. वाऱ्याकडे तोंड करून का बसायचं, जांभ्यावर माग उमटत नाही म्हणून तो शेताच्या बांधाशी कसा शोधायचा, हाकारे रान उठवतात तेव्हा जनावर आवाजापासून पळतं आणि बरोबर बंदूकवाल्यासमोर कसं येतं. हे शेवटचं तर नीट रंगव. पुढे लांबून कुणीतरी डबा वाजवला, तुझा शिकारी आवाजाच्या उलट दिशेला दोन पावलं धावला आणि थबकला, एवढंच लिहिलंस तरी वाचकाचा श्वास अडकेल. त्याला काही समजावून सांगावं लागणार नाही.

या प्रकारच्या कथेचा साचा रिचर्ड कॉनेल या अमेरिकन लेखकाने १९२४ साली घालून दिला. त्याचा नामांकित शिकारी एका बेटावर माणसांची शिकार करणाऱ्या माणसाच्या तावडीत सापडतो. त्यातले सापळे आणि खड्डे सगळ्यांनी उचलले. मला मात्र वेगळीच जागा मोलाची वाटते. पहिल्या रात्री तो झाडावर लपतो, पाठलाग करणारा माग काढत नेमका त्या झाडाखाली येतो, नजर बुंध्यावरून वर चढवत नेतो, फांदीच्या अलीकडे थांबवतो, हसतो आणि निघून जातो. आपल्याला उद्यासाठी राखून ठेवलंय, हे वर बसलेल्याला कळतं. एकही गोळी न झाडता माणसाचं जनावर होतं. तू हे उचलू नकोस, पण अशी एक जागा तुझ्या कथेत तुझ्या स्वतःच्या रानातून आली पाहिजे.

आणि तुझं रान कसं आहे बघ! बेट शोधायची गरजच नाही, भरती-ओहोटी तुला रोज बेट करून देते. जुन्या माणसांचा हिशेब असा, की तिथीची पाऊणपट केली की भरतीची ठोकळ वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे शिमग्याच्या पौर्णिमेला रात्री सव्वाअकराच्या सुमाराला भरती, तीही उधाणाची. त्याआधीची सुकती, म्हणजे पूर्ण ओहोटी, संध्याकाळी पाचच्या आसपास. तुझा शिकारी मध्यरात्री खाडीतून गुडघाभर पाण्याने परत येतो, ते होणार नाही. संध्याकाळी जिथून तो चपला हातात घेऊन पलीकडे गेला, तिथे रात्री पुरुषभर पाणी असेल. चूक दुरुस्त करताना तुला कथेचा कणाच मिळतो आहे. पहाटे साडेपाचपर्यंत परतीची वाट बंद. तोवर जगायचं. आणि पहाटे वाट मोकळी झाली की ती दोघांनाही मोकळी होणार, वर उजेड फुटत असणार.

खाडीच्या कडेने तो सरकतो तेव्हा ‘दाट कांदळवन’ एवढ्यावर भागवू नकोस. तिवराची श्वासमुळं चिखलातून वर आलेली असतात, त्यांवर अनवाणी पाय पडला तर काय होतं ते स्वतः जाऊन बघ. दगडाला चिकटलेल्या कालवांच्या कडा ब्लेडसारख्या लागतात. कापलेलं तेव्हा कळत नाही, खारं पाणी लागल्यावर कळतं. मगर मात्र काढून टाक. मगरच हवी असेल तर कथा वाशिष्ठीच्या खाडीत ने, तिथे त्या आहेत. बिबट्याची झडपही नको. पाठलाग रंगात आलेला असताना तिसरा शिकारी मध्ये आणला की पहिल्या दोघांमधला ताण सैल पडतो.

आता वारा. दिवसा समुद्रावरून जमिनीकडे खारे वारे, रात्री उशिरा जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारे, हे तू शाळेत पाठ केलं आहेस. ते कथेत आण. पाठलाग करणाऱ्याबरोबर एक गावठी कुत्रा दे. शिकारी त्याच्या पूर्वेला लपला आहे. वारा समुद्राकडून येतो आहे, तोवर घामाचा वास डोंगराकडे वाहून जातो आणि तो निर्धास्त आहे. मग वारा पडतो. पान हलत नाही. थोड्या वेळाने मानेवरचा घाम दुसऱ्या बाजूने गार लागतो. त्याचा अर्थ वाचकाला पहिल्या भागात तूच शिकवलेला असेल. कुत्र्याने मान वर केली, एवढं एक वाक्य पुरे.

मोबाइलचं काय, हे तू टाळलं आहेस. आजच्या कथेत ते टाळता येत नाही. खाली वहाळात आणि खाडीच्या बेचक्यात रेंज नाही, वर सड्यावर आहे. पण सड्यावर पौर्णिमेच्या चांदण्यात आडोसा म्हणून करवंदीची जाळी सोडली तर काही नाही. मदत मागायची तर उघड्यावर उभं राहावं लागणार. आणि मागायची कोणाकडे? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर चोरून शिकार करणारा माणूस गुन्हेगार आहे. त्याची बंदूक फार तर शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची असेल, त्या परवान्याने डुक्कर मारायची मुभा आपोआप मिळत नाही. पोलिसांना फोन केला तर रात्री रानात काय करत होतास, हा पहिला प्रश्न. ज्या गुपचुपपणाच्या जोरावर तो इतकी वर्षं शिकार करत आला, त्यानेच त्याची मदत तोडली आहे. हे तुझ्या हाती आयतं आलेलं असताना बॅटरी संपवण्याचा आडमार्ग कशाला?

बंदूक त्याच्या हातून लगेच काढून घेऊ नकोस. राहू दे. ठासणीची बंदूक एकदा उडाली की नळीत दारू, वर काथ्याचा बोळा, मग शिसं, पुन्हा बोळा, गजाने ठासायचं आणि शेवटी केप, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायची. डोळे मिटून त्याने हे केलेलं आहे. आज केप बसत नाही. बोटं थरथरतात, चिमुकली केप निसटून पाचोळ्यात पडते आणि तो गुडघ्यांवर बसून पाचोळा चाचपतो. हातात बंदूक असूनही सावज झालेला माणूस मला इथे दिसतो. भीती, थरकाप, काळीज धडधडणं हे शब्द तू पुष्कळ वापरले आहेस. त्यातले बहुतेक या पाचोळ्यावर ओवाळून टाक.

पाठलाग करणाऱ्याबद्दल मला सर्वांत जास्त काळजी आहे. तुझा खलनायक मुंबईहून आलेला धनाढ्य आहे आणि तो फार बोलतो. त्याचं या मातीशी काही नातं नाही. डुक्कर समजून माणसावर बार झाल्याच्या बातम्या कोकणात आपण वाचत आलो आहोत. झुडूप हललं, आवाज आला, चाप ओढला. ही गोष्ट आपल्याकडे फार जुनी आहे: घागर भरल्याचा आवाज ऐकून दशरथाने शब्दवेधी बाण सोडला आणि श्रावण पडला. आंधळ्या आईबापांनी राजाला तिथल्या तिथे मारलं नाही, पुत्रशोकाने मरशील एवढंच सांगितलं. पुढे कित्येक वर्षं तो शाप दशरथाच्या मागावर होता. तुझा पाठलाग करणारा असाच कुणाचा तरी बाप असू दे. पूर्वी याच शिकाऱ्यासाठी हाकारा म्हणून रान उठवणारा. शिकाऱ्याच्या सगळ्या वाटा, सगळ्या बसायच्या जागा, कुठे फासक्या लावतो ते, सगळं त्याला माहीत. मग शिकाऱ्याला स्वतःच्याच फासकीत अडकवायचा योगायोगही नको. फासक्या कुठे आहेत हे दोघांनाही ठाऊक असल्यामुळे सोयीची वाट टाळावी लागणार आणि उरलेल्या एकाच वाटेवर तो बाप बसलेला असणार. त्याला बोलू देऊ नकोस. अख्ख्या कथेत मुलाचं नाव एकदा घेतलं तरी चालेल.

बारसूच्या सड्यावरचं कातळशिल्प तू आणलं आहेस, मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ. ते ठेव. पण त्याच्यावरचं अर्ध्या पानाचं चिंतन काढ. कलत्या चांदण्यात त्या रेषा उठून दिसतील, तो त्यांवर पालथा पडलेला असेल, हाताखाली खोदलेली रेघ लागेल. पुरे. दिशेसाठी त्याला होकायंत्र देण्याऐवजी आकाश दे. मृगाच्या पोटातला बाण, त्या तीन चांदण्या, जवळजवळ नेमक्या पश्चिमेला मावळतात. मार्चच्या मध्यावर ते मध्यरात्रीनंतर घडतं. जिकडे बाण बुडाला तिकडे समुद्र, एवढं त्याला पुरतं.

शेवटच्या दोन पानांत त्याला पश्चात्ताप होतो आणि तो जनावरांविषयी बोलतो. तुझी तळमळ खरी आहे, मला ती मान्य आहे आणि प्रियही आहे. पण रात्रभर पाचोळ्यात केप शोधणाऱ्या, तहानेला पाणवठा सोडून देणाऱ्या माणसाबरोबर जो वाचक राहिला, त्याला जनावराची रात्र कशी असते ते कळलेलं असतं. पहाटे सुकतीला तो खाडीत उतरतो तिथे थांब. पलीकडे पोचला की नाही हे सांगायचं की नाही, ते तू ठरव. मी त्यात पडणार नाही.

लिहायला बसण्याआधी संध्याकाळी पाच ते पहाटे सहापर्यंतचा तक्ता कर: पाणी, वारा, चंद्र, कुत्रा, तो, आणि बाप, प्रत्येक तासाला कोण कुठे आहे. नवा खर्डा गणपतीच्या आधी पाठव. एकदा दिवाळी अंकाचं काम अंगावर आलं की मला निवांत वाचता येत नाही, आणि हा मला निवांतच वाचायचा आहे.

तुझा,
सर